समोरच्याने वाचायचा फासा

"हात लागला," तात्या म्हणाले.

टेबलावर शिंद्यांचे स्वार आडवे पडले होते. एकाचा भाला मोडला होता, एकाच्या घोड्याची मान तुटून ओढ्यात गेली होती. हात काय, कुणाचाही लागतो. पण त्या दुपारी तो वरचेवर लागत होता आणि आम्हा सगळ्यांनाच ते दिसत होतं.

तात्यांनी पडलेला स्वार उचलायला हात पुढे केला. या वेळी बाही लागली आणि पटवर्धनांची अख्खी फळी झोपली.

"मारा, आपलीच माणसं मारा," ते स्वतःशीच पुटपुटले. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले.

ही नगरची गोष्ट, बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि आपण बोलत राहायचं, त्यामुळे माझं तोंड घरीही मिटत नाही असं बायको म्हणते. रविवारी दवाखाना बंद असायचा. तेव्हा पेशंट बसतात त्या खोलीत दोन बाकांवर प्लायवूड टाकून आम्ही चार घोडे लढाया खेळायचो. इतिहासात झालेल्या लढाया, बोटाएवढ्या सैनिकांच्या. हसा खुशाल. बायको अजून हसते.

आम्ही जमलो ते दिवाळीच्या किल्ल्यांमुळे. गावात किल्ल्यांची स्पर्धा होती आणि परीक्षक होते दिगंबर गुंजाळ, म्हणजे तात्या. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेअर. बाकीचे परीक्षक लांबून "वा वा" करून पुढे जात, हा गृहस्थ खिशातून टेप काढून उकिडवा बसायचा. माझ्या अंगणात आले तेव्हा किल्ला मुलीचा होता, पण मुलगी केव्हाच खेळायला पळाली होती आणि कोपरापर्यंत चिखलात मी बसलो होतो. तात्यांनी टेप लावला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचा मावळा दरवाज्यापेक्षा उंच आहे. हा आत शिरणार कसा, रांगत?" माझा नंबर आला नाही. पण त्या दिवाळीत त्यांना गावभर फिरून अशी चिखलात बसलेली आणखी दोन मोठी माणसं सापडली आणि त्यांनी आम्हाला एकत्र आणलं.

त्यातले एक वकील फिरोज तांबोळी. दुसऱ्या एस्तर साळवे, मिशनच्या दवाखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. वॉर्डातल्या पोरांसाठी त्यांनी किल्ला केला होता आणि त्यावरचं हाळीव इतकं दाट उगवलं होतं की तात्यांनी पहिल्यांदाच टेप न काढता नंबर दिला, असं तांबोळी सांगतात. तात्या ते मानत नाहीत. मानत नसत.

सैनिक मी ओतायचो. कवळीसाठी वापरतात त्या प्लास्टरचे. भाले म्हणून टाचण्या. रंगवायचे सिस्टरनी. त्यांचं काम इतकं बारीक की बोटाएवढ्या माणसाच्या पागोट्याला जरीचा काठ दिसायचा. आमची आवडती लढाई खर्ड्याची. ते रणांगण आमच्याच जिल्ह्यातलं. मराठे तात्यांचे, निजाम सिस्टरचा, तांबोळी ज्याला हवी त्याला मदत करायचे आणि मी पंच. सिस्टर इतक्या वर्षांत एकदाही जिंकल्या नव्हत्या. दर वेळी उठताना म्हणायच्या, "एक दिवस तुमच्या पटवर्धनांना पुण्यापर्यंत पळवीन, तात्या, बघाच." आणि ते थट्टेत नसायचं. त्यांना खरंच जिंकायचं होतं.

आता या खेळात सगळं असतं ते नियमांत. घोडा किती पुढे जातो, तोफ किती लांब मारते, कोण मेला, कोण पळाला. नियम नसले तर नुसती बाहुल्यांची मांडामांड. आमचे नियम तात्यांनी स्वतः केलेले होते आणि त्यांचा देव म्हणजे टेप. स्वार एवढे इंच, पायदळ एवढे इंच, सूतभर जास्त नाही. कुणी "जाऊ दे हो, साधारण एवढंच" म्हटलं की तात्या चष्म्यावरून बघायचे. "साधारण? बांध साधारण हातभर सरकला, तर दोन सख्खे भाऊ मरेपर्यंत कोर्टात जातात. मी बघितलंय."

आणखी एक रीत त्यांनीच घातली होती. नियम बदलायचा असेल तर ते हरलेल्याने मागायचं, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. जिंकलेल्याने नाही, बघ्याने तर नाहीच. तात्यांचं म्हणणं, हरलेल्याला नियम कुठे बोचतो ते कळतं, बाकीच्यांना नुसती खाज असते.

तर तो रविवार. तात्यांनी टेबलाखालून हात काढलेच नाहीत. शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, मी काय म्हणतो, पुढच्या रविवारपासून मराठे तुम्ही घ्या. तांबोळी पंच होतील."

"आणि तुम्ही?"

"मला जरा घरी कामं आहेत."

तात्यांच्या घरी काय कामं होती ते आम्हाला माहीत होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा नाशिकला. घरात एक रेडिओ आणि एक मांजर. रविवारचा डाव त्यांना आठवडाभर पुरायचा. बुधवारपासून फोन यायचा, "डॉक्टर, ओढा जरा पूर्वेला घ्यायला पाहिजे, नकाशा पाहिला मी." हा माणूस घरी बसला तर काय होणार हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता, अगदी दातांचासुद्धा.

पण बोलणार काय? मऊ बोललो असतो तर तात्या उठून गेले असते. "राहू द्या हो, चालतं," हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागायचं. तांबोळी खिडकीबाहेर बघायला लागले. कोर्टात या माणसाचं तोंड धरवत नाही, आणि इथे घसा खाकरत बसला.

तात्या टोपी घेऊन उठले.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "मी हरले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"हरले. डाव सोडला. लिहा हवं तर."

मी टेबलाकडे पाहिलं. मी पंच होतो, डोळ्यांपुढे सगळं होतं. त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सिस्टरचा डाव चढलेला होता. निजामाच्या पलटणींनी टेकडी घेतली होती, तोफा वर चढल्या होत्या. आणखी दोन खेळ्या आणि पटवर्धन खरोखरच पुण्याच्या वाटेला लागले असते.

"अहो सिस्टर, तुमचं पारडं जड आहे. जिंकताय तुम्ही!"

"डॉक्टर, फौज कुणाची?"

"तुमची."

"मग हरायचं का नाही ते मी ठरवीन. आणि हरले म्हणून मागणं मागते." त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "मला हे नियम नकोत. तांबोळींनी मागे ते चौकोनांचे कागद आणले होते ना, ते पाहिजेत."

ते कागद तांबोळींनी कुठूनतरी इंटरनेटवरून काढले होते. दोन प्रकारचे. एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ, आणि दुसरे हे चार पानी साधे नियम. त्यात टेप नव्हताच. टेबलभर मोठे चौकोन आखायचे, पलटण या चौकोनातून त्या चौकोनात. चौकोनाच्या आत कुठे ठेवली याला महत्त्व नाही. तेव्हा तात्यांनी ते कागद दोन बोटांनी धरून परत दिले होते आणि "सापशिडी" एवढंच म्हणाले होते.

आताही ते फणकारले. "चौकोन? जमीन काय चौकोनी असते, सिस्टर?"

"नसेल. मला टेपवरच्या रेघा दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन इतक्यात नको म्हणतात, पिकू द्या म्हणे. टेप दिसत नाही, फाशावरचे ठिपके दिसत नाहीत. इतके दिवस अंदाजाने रेटलं. आज टेकडी घेतली का ओढ्यात पडले तेही मला नीट ठाऊक नाही." सिस्टर हे अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, एखाद्या पेशंटचं सांगावं तसं. "आणि तुम्ही निघालात. मग माझे फासे कोण वाचणार? डॉक्टरांना पंचाचंच काम पुष्कळ. तांबोळी वकील, त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो?"

"अहो!" तांबोळी म्हणाले.

तात्या टोपी हातात घेऊन उभेच होते. मग ती त्यांनी परत खुंटीला अडकवली.

"फासे मी वाचीन," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

खाली उतरताना जिन्यात मी सिस्टरना गाठलं. "डोळ्यांचं बोलला नाहीत कधी. मी ओळखीच्या डॉक्टरला दाखवून देतो."

"दाताचं बघा तुम्ही," त्या म्हणाल्या. मग एक पायरी थांबल्या. "डॉक्टर, वॉर्डात मी अशी माणसं पाहिलीत. आधी एक गोष्ट सुटते. मग फिरायला जाणं सुटतं. मग जेवण. तात्या घरी बसले तर बसलेच." आणि कठडा न धरता झपझप उतरून गेल्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. जागच्या जागी जिन्यात बसलो मी. नर्सच्या डोळ्यांची ख्याती मला ठाऊक होती. या बाई वॉर्डाच्या दारातून पेशंटच्या तोंडातला थर्मामीटर वाचतात, असं मिशनच्या दवाखान्यात सांगायचे. इतकी वर्षं ज्या विजयासाठी झुरल्या, तो हातातोंडाशी आला असताना त्यांनी टाकून दिला होता. हरल्याशिवाय मागता येत नाही म्हणून हरल्या होत्या. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पण तात्या ते तात्या. मागितलं म्हणून लगेच नियम मिळत नसतात. "आधी पारखायचे," त्यांचा फोन आला. "दोन्ही कागद. एकाच लढाईवर. मग ठरवायचं."

पहिल्यांदा तांबोळींचा ग्रंथ. वकिलाला कलमं दिसली की उपाशी माणसाला ताट दिसल्यासारखं होतं. त्यात हत्ती घाबरला तर कुठल्या दिशेला पळतो याचा वेगळा तक्ता होता. वाऱ्याचा तक्ता होता. सेनापतीचा स्वभाव तापट का थंड, त्याचाही होता. चहा आला तेव्हा शिंद्यांच्या तोफा ओढा ओलांडत होत्या. चहा संपला तेव्हाही ओलांडत होत्या. बैल हे वाहन धरायचे का जनावर, यावर तांबोळी स्वतःशीच दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करत होते.

"तांबोळी," तात्या शेवटी म्हणाले, "या नियमांनी लढाई झाली असती ना, तर निजाम म्हातारा होऊन गेला असता."

"तेव्हा तो म्हाताराच होता, तात्या."

"मग सुटला बिचारा."

ग्रंथ बाजूला पडला. राहिले चौकोन. पण प्लायवूडवर ते आखायचे कुणी? मी पेन्सिल आणि पट्टी घेऊन वाकलो तर तात्या ओरडले, "दाताचे डॉक्टर, उठा! रेघ वाकडी जाईल."

पेन्सिल त्यांच्या हातात टिकणार नव्हती. मला वाटलं, आता झालं. पण त्यांनी पिशवीतून सुतळी काढली, वाटीतला गेरू तिला चोळला, एक टोक सिस्टरच्या हातात दिलं, दुसरं आपण फळीच्या कडेला अंगठ्याखाली दाबलं. "ओढा. अजून ओढा. डॉक्टर, मधोमध धरून उचला आणि सोडा." सुतळी फटकन फळीवर आपटली आणि लाल रेघ उठली, सरळसोट. तात्यांचा हात थरथरत होता तरी ताणलेली सुतळी थरथरत नव्हती. दुपारभर आम्ही ती वाजवत होतो. तात्यांच्या शर्टावर, सिस्टरच्या पदरावर, सगळीकडे गेरू.

"ताण बरोबर आहे तुमचा," तात्या सिस्टरना म्हणाले. खात्यात त्यांनी एवढं कौतुक कुणाचं केलं नसेल.

आणि मग त्या लाल चौकोनांवर खर्डा मांडला.

तो डाव मी विसरणार नाही. तात्या पलटण मुठीत धरून आणत, चौकोनात सोडत. कुणी उभा राही, कुणी कलंडे. पहिल्यांदा कलंडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चौकोनात आहे ना? मग उभा काय नि आडवा काय. पुढे चला." त्यांनी ओठ आवळले, पण पुढे चालले.

आणि बोलायला लागले! सिस्टरना दिसत नाही, म्हणजे सगळं सांगायला हवं. "तुमच्या उजव्या हाताला ओढा. ओढ्यापलीकडे नागपूरकरांचे बाणवाले, मी नुकतेच आणलेत, बेसावध राहू नका. समोर टेकडी. टेकडीवर तुमच्या दोन पलटणी, निळे डगले, छान रंगवलेत तुम्ही."

"मीच रंगवलेत. मला नका सांगू."

"आता दिसत नाहीत म्हणून सांगतोय."

"सांगा मग."

बायको गेल्यापासून तात्या इतकं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. सिस्टर फासा टाकायच्या आणि डोळे किलकिले करून विचारायच्या, "काय पडलं?" तात्या पुढे वाकून वाचायचे. "तीन. वाईट. परत टाकता येणार नाही." नाटक तर काय उत्तम चाललं होतं. बाईंनी मिशनच्या नाताळच्या नाटकात काम केलं होतं म्हणे, ते तेव्हा पटलं.

फक्त एकदा चुकल्या. चहा आला. तांबोळी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीत बसले होते. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सिस्टर टेबलाजवळूनच म्हणाल्या, "अहो तांबोळी, मुंगी आहे चहात."

तांबोळींनी मुंगी काढली आणि आभार मानले. एवढा मोठा वकील, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. मी तात्यांकडे पाहिलं. ते खाली वाकून हत्ती सरकवत होते. कळलं नसावं.

या चार पानी नियमांत एक गोष्ट होती जी आमच्या जुन्यांत नव्हती. धीराचा फासा. फौजेची मोक्याची जागा गेली की एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर फौज टिकली. त्याच्या खाली काहीही पडलं की धीर सुटला, सगळी फौज मागे, मग माणसं कितीही शिल्लक असोत.

उन्हं कलली तशी टेकडी तात्यांनी घेतली. पण सगळं पणाला लावून घेतली होती. त्यांची पाठ उघडी पडली होती आणि निजामाचं राखीव घोडदळ तिच्यावर येऊन ठेपलं होतं. निजाम टिकला तर पुढच्याच खेळीत मराठे संपले. सिस्टरनी टाकलेला डाव फिरून परत त्यांच्या दाराशी आला होता, फक्त मध्ये एक फासा होता.

"धीराचा," मी म्हणालो. "सिस्टर, पाच किंवा सहा. नाहीतर निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात."

सिस्टरनी फासा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. प्रार्थना करत असाव्यात. मग टाकला. तो घरंगळत ओढ्यापर्यंत गेला आणि तात्यांच्या पुढ्यात थांबला.

"काय पडलं?"

तात्या वाकले. चष्मा सारखा केला. फाशाकडे बराच वेळ पाहिलं.

"सहा," ते म्हणाले. "निजाम टिकला. जिंकलात, सिस्टर."

मी बघत होतो. तांबोळी बघत होते. फाशावर दोन ठिपके होते, मसुराएवढे काळेभोर. मी तोंड उघडलं आणि तांबोळींनी माझ्या पायावर पाय दिला. एकदाचं कळलं होतं वकिलाला.

सिस्टर गप्प. त्यांचा चेहरा मी बघू शकत नव्हतो. गप्प बसायचं, की जिंकल्या. गप्प बसायचं, की तात्या पुढच्या रविवारी फासे वाचायला येणार. सगळं हवं ते मिळत होतं, नुसतं गप्प बसून. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"कुठला सहा?" त्या एकदम कडाडल्या. "दोन आहेत ते! ढळढळीत दोन! डोळे फुटले का तुमचे?"

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. हात तोंडावर गेला.

"माझे नाही फुटले," तात्या सावकाश म्हणाले. "आणि देवाच्या दयेने तुमचेही धड आहेत."

"केव्हा कळलं?"

"तुम्ही मोतीबिंदू म्हणालात तेव्हाच. ज्या बाईने बोटाएवढ्या माणसाच्या पागोट्याला जरीचा काठ काढला, तिला टेप दिसत नाही? जन्मभर लोकांच्या खोट्या खुणा शोधत हिंडलोय मी, सिस्टर."

"मग आलात कशाला?" सिस्टरचा आवाज फुटला होता. "कळलं होतं तर आलात कशाला?"

"तुम्ही जिंकलेला डाव माझ्यासाठी टाकलात. तो परत करायला आलो होतो. वाट बघत होतो कधी संधी येते." तात्यांनी फाशाकडे बोट दाखवलं. "आली होती. घेतली नाहीत तुम्ही."

"असला नको मला! चार्टवर मी कधी खोटा ताप लिहिला नाही. इथे खोटा फासा घेऊ?"

"आणि खोटा मोतीबिंदू चालतो?"

"तो माझा होता! माझ्या डोळ्यांचं मी काहीही सांगीन!"

यावर तांबोळी फिसकन हसले आणि हसू दाबताना त्यांना ठसका लागला. पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "झालं मग," त्या म्हणाल्या. "कीव केली म्हणून आता तुम्ही जाणार. मला माहीत आहे तुमचा स्वभाव."

तात्यांनी उजवा हात टेबलाखालून वर काढला आणि सगळ्यांसमोर, लाल चौकोनांवर ठेवला. हात थरथरत होता. बोटांमुळे जवळचे सैनिक टकटक वाजत होते.

"हे बघून घ्या नीट," ते म्हणाले. "कंपवात म्हणतात. आज असा आहे, उद्या जास्त होईल. गोळ्या चालू आहेत. लपवत होतो, आता नाही लपवत. कीव करायची तर आत्ता करून घ्या सगळ्यांनी, म्हणजे पुढच्या रविवारी वेळ जायला नको."

मी विचारलं, "मग नियम कुठले घ्यायचे?"

"हेच," तात्या म्हणाले. "पण माझ्या हातासाठी नाही, सांगून ठेवतो. डॉक्टर, इतकी वर्षं टेप लावून खर्डा खेळलो आपण. प्रत्येक वेळी निजामाचा शेवटचा माणूस मरेपर्यंत लढाई चालायची. खरं झालं होतं का तसं? मारामारी थोडीच झाली तिथे. रात्री छावणीत घबराट उठली आणि एवढी थोरली फौज उठून किल्ल्यात जाऊन बसली. धीर सुटला, बस. मी सगळं मोजलं, तेवढं मोजायचं राहिलं. आज पहिल्यांदा आपल्या टेबलावर खर्डा झाला." त्यांनी तो दोन ठिपक्यांचा फासा सिस्टरकडे सरकवला. "तुम्ही हरलात. निजाम किल्ल्यात न्या."

सिस्टरनी डोळे पुसले आणि निळे डगलेवाले एकेक करून किल्ल्यात नेले. नेताना म्हणाल्या, "चौकोन बरोबर आखलेत."

"सुतळी तुम्ही धरली होतीत."

ते नियम आम्ही घेतले. तात्यांनी त्यात एकच कलम आपलं घातलं: फासा टाकणाऱ्याने वाचायचा नाही, समोरच्याने वाचायचा. तांबोळींनी हरकत घेतली की जगात असा नियम कुठेही नाही. तात्या म्हणाले, "नगरात आहे."

त्यानंतर तात्या बरीच वर्षं आले. पुढे सैनिक आम्ही उचलायचो, ते नुसता चौकोन सांगायचे. त्याहून पुढे आवाज इतका बारीक झाला की सिस्टर कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकायच्या आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्याच फौजा स्वतःवर चालून आणायच्या. सिस्टरनी त्यांची एक खेळी कधी चुकवून सांगितली नाही, स्वतःचं कितीही नुकसान होत असलं तरी.

आणि एका रविवारी परत तशीच वेळ आली. टेकडी गेलेली, मराठ्यांची पाठ उघडी, निजामाला पाच किंवा सहा हवे. सिस्टरनी फासा टाकला. तो तात्यांच्या पुढ्यात गेला. खुर्चीतल्या खुर्चीत वाकायला त्यांना वेळ लागला.

"सहा," तात्या म्हणाले.

मी आणि तांबोळी, दोघंही टेबलावर ओणवे झालो. लाज वाटते सांगायला, पण झालो. सहाच होते. स्वच्छ सहा, तीन-तीनच्या दोन रांगा.

सिस्टर तोवर उठून आपलं घोडदळ पुढे घेत होत्या. फाशाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.